उजवीकडचा रकाना

१२ जानेवारी

हा लॅपटॉप आहे की पाटी! पाटीसुद्धा जरा ऐसपैस असते. दादाने आज कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातून आणला — भाजीच्या पिशवीत घालून. झाकणावर पोत्याचं अर्धवट फाटलेलं लेबल. चालू व्हायला एवढा वेळ लावतो की तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो.

एका वेळी वेबसाईटचं जेमतेम अर्धं पान दिसतं. वरचं बघायला जावं तर खालचं पळतं. मजकूर दुरुस्त करायची चौकट तर इतकी चिंचोळी की चार ओळी लिहिल्या की पहिली गायब! छापखान्यात माझ्यासमोर केवढा पडदा होता. दोन पानं शेजारी शेजारी दिसायची, कानामात्रासकट. छापखाना बंद पडला, पडदा गेला, मी घरी बसले. तेव्हा कुरकुर पुरे. दादाने शब्द टाकला म्हणून त्याच्या कंपनीची वेबसाईट सांभाळायचं हे काम मिळालंय, त्याचं नाक कापायचं नाही.

मॅनेजरांचा फोन आला होता. आवाज अगदी मऊ. प्रत्येक वाक्याला ‘बरं का’ची शेपूट! “ताई, लॉगिन तुमच्या नावाने काढलंय, बरं का. पासवर्ड मात्र मी दिलाय तोच राहू द्या. मला कधी लागला तर... बरं का.” फोन ठेवल्यावर मी वहिनीला नक्कल करून दाखवली. ती पिठाच्याच हातांनी तोंड दाबून हसत सुटली. घरात आता त्यांचं नाव बरंकासाहेब.

१६ जानेवारी

दिवसभर बटाट्याची पोती चिकटवली — फोटोतली. मग मशीनरूमचा फोटो. जाडजूड पाईप, त्यावर बर्फाचा थर, आणि पुढे दादा आणि पैलवान. पैलवान म्हणजे दादाच्या जोडीचा ऑपरेटर. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. कुस्ती त्याने लांबूनही पाहिली नसेल, पण पोट पैलवानाचं आहे. फोटोपुरतं आत ओढलंय आणि श्वास कोंडून चेहरा लाल! रविवारी जेवायला येतो आणि “मावशी, थोडंच वाढा हं” म्हणत आईचं पातेलं रिकामं करतो. आईला तो आमच्याहून लाडका.

आई म्हणाली, “एवढ्याशा खिडकीत डोकं घालून काय बसतेस? डोळे जातील.”

२१ जानेवारी

आज बरंकासाहेबांनी एक वाक्य बदलायला सांगितलं. ‘दर सहा महिन्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून सर्व यंत्रांची तपासणी होते’ हे काढा, ‘वेळोवेळी तपासणी होते’ असं घाला. मी म्हटलं, ‘वेळोवेळी’ ढिलं वाटतं, ‘नियमितपणे’ घालू या? ते एकदम खूष. “वा ताई! शब्दांची जाण आहे तुम्हाला, बरं का!” मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. दिवसभर स्वतःवरच खूष.

दादा संध्याकाळी आला तो डोळे लाल करून. शर्ट बाहेर गॅलरीत टाकायला लावला वहिनीने. तो वास! नाकात सुई टोचल्यासारखा. त्यांच्याकडे सगळा थंडावा अमोनियावर चालतो. जरासा सुटला तर डोळे चुरचुरतात, जास्त सुटला तर छाती जळते. दादा म्हणाला, “जुना व्हॉल्व्ह आहे एक. रडतो अधूनमधून.”

“मग बदलत का नाहीत?”

“सांगितलंय. बदलतील.” आणि खोकत आत गेला.

२७ जानेवारी

आज एक माणूस काढला. इंजिनिअरसाहेब, सुरक्षाप्रमुख. गंभीर चेहरा, कॉलर एका बाजूने वर. फोटोवर टिचकी, ‘काढून टाका’, ‘खात्री आहे?’ — हो. संपलं. इतकं सोपं!

जेवताना दादाला विचारलं.  तो म्हणाला, त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं, व्हॉल्व्ह बदलेपर्यंत मशीन बंद ठेवा. मालक म्हणाले, “ऐन हंगामात?” दुसऱ्या दिवशी साहेबांची खुर्ची रिकामी. राजीनामा दिला की घेतला, कुणी सांगत नाही.

“नवीन कोण येणार?”

“येईल कुणीतरी,” दादा म्हणाला.

२ फेब्रुवारी

आला! आणि तो आमचाच दादा आहे!!

बरंकासाहेबांचा निरोप — इंजिनिअरांच्या जागी दादाचा फोटो टाका, खाली ‘सुरक्षाप्रमुख’. मी निरोप परत परत वाचला. मग आईला ओरडून सांगितलं, आईने शेजारी सांगितलं, शेजारणीने सगळ्या जिन्याला. वहिनीने दादाचा निळा शर्ट काढून इस्त्री केला, मीच त्याला खिडकीशी उभं करून फोटो काढला. कानावरचे पांढरे केस हळूच काळे केले. बहिणीने नाही करायचं तर कुणी!

दादा मात्र गोंधळलेला. “मला कुणी तोंडी पण बोललं नाही गं, शहाणे.” मला तो लहानपणापासून शहाणे म्हणतो, चिडवायला.

“बोलतील. आधी वेबसाईटवर येतं, मग कागद येतो.” हे मी कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे. पण रात्री आरशासमोर उभा राहून तो कॉलर नीट करत होता, मी पाहिलं.

५ फेब्रुवारी

कागद नाही आला. पैलवान दादाला आता सॅल्यूट ठोकतो आणि “प्रमुख, पाणी आणू का?” विचारतो. व्हॉल्व्ह अजून रडतोच आहे.

१० फेब्रुवारी

आज घाई करायची नाही. नीट लिहिते.

डोळे फार दुखायला लागले म्हणून वहिनीबरोबर चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्या टेबलावर हा एवढा मोठा पडदा! वहिनीला काय राहवतंय. “आमचे हे साहेब झालेत. बघा ना, वेबसाईटवर फोटो आहे!” बिचाऱ्याने कौतुकाने पान उघडलं. दादा झळकला. आणि त्याच्या उजव्या बाजूला एक अख्खा रकाना भरून मजकूर.

मी तिथे काहीही लिहिलेलं नाही. माझ्या लॅपटॉपवर तिथे काही नाहीच.

वहिनी मोठ्याने वाचत गेली. गेल्या वर्षीच्या जूनपासून हे सुरक्षाप्रमुख आहेत. सगळ्या यंत्रांची तपासणी यांनी स्वतः केली आहे. सर्व व्हॉल्व्ह उत्तम स्थितीत असल्याची खात्री यांनी दिली आहे. वाचून झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. “किती छान लिहिलंयस गं!”

 चष्मेवाल्याला विचारलं, हे माझ्याकडे का दिसत नाही? तो म्हणाला, “छोटा पडदा असेल. मावत नाही म्हणून उजवीकडचा रकाना लपतो. मोबाईलवरही असंच होतं.” मला हे माहीत असायला हवं होतं. पण मी कागदावर वाढलेली. बघणारा बदलला म्हणून कागद अर्धा लपत नाही!

घरी येऊन अक्षरं मुंगीएवढी केली. मग दिसला. नवा चष्मा लावून, नाक पडद्याला टेकवून वाचला. खाली बारीक अक्षरात, शेवटचा बदल कोणी केला — माझं नाव.

११ फेब्रुवारी

बरंकासाहेबांना फोन केला. आवाज चढला माझा, चढू दिला. दादा तर गेल्या महिन्यापर्यंत साधा ऑपरेटर, जूनपासून कसा प्रमुख? आणि व्हॉल्व्हबद्दल खात्री त्याने कधी दिली? तो तर रोज तक्रार करतो!

ते शांत. “ताई, ते सरकारी तपासनिसांसाठी असतं. तांत्रिक बाब आहे, बरं का. आणि तुमच्याच नावाने झालंय ना ते? मग तुम्हीच लिहिलं असेल, विसरलात.”  मग म्हणाले, “एकाच घरात दोन कामं. आजच्या काळात केवढं भाग्य, बरं का.”

आता नक्कल करावीशी वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

रकाना पुसला. संपूर्ण.

१३ फेब्रुवारी

परत आलाय! वर एक नवीन वाक्य — ‘कामगारांच्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी यांच्यावर आहे.’ पुन्हा माझंच नाव. पासवर्ड बदलायला गेले तर परवानगी मागायला निरोप बरंकासाहेबांकडेच जातो. पुसला. जेवून येते तो पुन्हा हजर. पुन्हा पुसला. कुणीतरी तिकडे मोठ्या पडद्यासमोर आरामात बसून माझी गंमत बघतंय.

१६ फेब्रुवारी

घरात कडाक्याचं भांडण. मी म्हणत होते, दादा, सोड ही नोकरी. वहिनी उसळली. “तुझं काय जातं बोलायला? घर यांच्या जिवावर चालतंय! वेबसाईट कोण वाचतं गं? तूच मनाला लावून घेतेस.” आई मध्ये पडली तर तिलाही दोन शब्द ऐकावे लागले.

 मग दादा म्हणाला, आज मालकांना जाऊन भेटलो. व्हॉल्व्हचं सांगितलं, रकान्याचंही. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. “अरे, प्रमुख तूच ना? मग तूच बघ की!”

“मग? सोडतोस ना?”

“मी सोडलं तर तिथे उभं कोण राहणार? पैलवानला त्या व्हॉल्व्हचा स्वभाव कळत नाही. तो नुसता दणके देतो.” आणि बाहेरच्या हॉलमध्ये बटाटे निवडायला बाया बसतात, त्यांचं काय, असंही म्हणाला. मशीनरूम आणि तो हॉल, मध्ये फक्त एक दार.

मला त्याचा राग आला. माझा भाऊ मूर्खासारखा चांगला आहे.

१८ फेब्रुवारी

दादा आज जेवताना तीनदा उठून बेसिनशी गेला. खोकला थांबत नाही. वहिनी पाणी घेऊन मागे मागे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बसले होते, तोच रकाना पुसायला. अक्षरं मुंगीएवढी केली तेव्हा डाव्या बाजूला, एरवी पडद्याबाहेर राहणाऱ्या कोपऱ्यात, ‘मसुदे’ असं दिसलं. आत एकच पान, आजच केलेलं. लिहिणारी — मी!

मथळा: ‘दुर्दैवी घटनेबाबत निवेदन.’

‘आमच्या शीतगृहात झालेल्या वायुगळतीत ... कामगारांचा मृत्यू झाला याचे आम्हाला तीव्र दुःख आहे.’ आकड्याची जागा मोकळी. तारखेची जागा मोकळी. सगळ्या जागा मोकळ्या, एक सोडून. ‘सुरक्षाप्रमुख श्री.’ — आणि पुढे दादाचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट — ‘यांच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे ही घटना घडली.’

माझं डोकं फिरलं. दुसरा शब्दच नाही. दादाच्या नावापुढे असलं काही? मरणाचं पान तयार करून ठेवलंय, नुसते आकडे भरायचे बाकी! मी ते पुसलं. कचऱ्यात गेलं तर कचराही रिकामा केला. मग बरंकासाहेबांना फोन लावला. ते हसले. “अहो ताई, सगळ्याच कंपन्या असं तयार ठेवतात. आमच्याकडे नवीन वर्षाच्या शुभेच्छाही तयार असतात, बरं का.”

दादा घरी आल्याबरोबर त्याला आतल्या खोलीत ओढलं. सगळं सांगितलं.

“दाखव.”

काय दाखवणार! पुसून बसले होते मी. एक फोटो काढून ठेवावा एवढी अक्कल सुचली नाही. दादा रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्या तोंडाकडे. “नक्की असंच लिहिलं होतं?”

“तुझ्या पाया पडते दादा, उद्या जाऊ नकोस. एक दिवस. फक्त उद्या. मग काय ते ठरवू, त्या इंजिनिअरसाहेबांना गाठू, तपासनिसांकडे जाऊ.” मी रडत होते. आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “तिचं ऐक.”

ऐकलं त्याने! पोट बिघडलंय म्हणून ऑफिसात कळवलं. मग पैलवानला फोन केला, उद्या दिवसाची पाळी तुझी नाहीच, बोलावलं तरी जाऊ नकोस. मला इकडे पैलवानचं हसणं ऐकू आलं. “प्रमुख, मशीन काय वाऱ्यावर सोडू? बाया आहेत पलीकडे. तुम्ही पोट सांभाळा!”

जीव भांड्यात पडला. दादा उद्या घरी आहे. बाकी उद्या बघू.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून दादा पिंजऱ्यात कोंडल्यासारखा. गळका नळ दुरुस्त केला, न गळणाराही उघडून बसला. मग दाढी करायला घेतली. अर्ध्या गालाला फेस होता तेव्हा कोल्ड स्टोरेजचा भोंगा वाजला. थांबेचना.

तसाच धावला. चपलाही घातल्या नाहीत. वहिनी त्याच्या मागे, मी वहिनीच्या मागे. कोपऱ्यावरच वास आला. नाकाला ओली ओढणी लावून लोक उलट्या दिशेने पळत होते.

आणखी लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

पैलवान गेला.

बाया सांगतात, त्याने सगळ्यांना दाराबाहेर ढकललं. एकेकीला नावाने हाका मारून. मग व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेला. दोघी दवाखान्यात आहेत, वाचतील म्हणतात. त्याला काढलं तेव्हा हात व्हॉल्व्हच्या चाकाला तसेच धरलेले होते.

दादा भिंतीला टेकून बसलाय. जेवला नाही. गालाच्या अर्ध्या बाजूला दाढी तशीच. मी जवळ गेले तर हाताने दूर केलं. ढकललं नाही, नुसतं दूर केलं. आई स्वयंपाकघरात एकटीच रडते, “थोडंच वाढा म्हणायचा” असं म्हणत.

माझ्यामुळे दादा जिवंत आहे. आणि मी त्याला घरी ठेवलं म्हणून पैलवानला आत जावं लागलं. दादाला त्या व्हॉल्व्हचा स्वभाव ठाऊक होता, तो असता तर कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित दोघेही गेले असते. माझं मन दिवसभर या दोन वाक्यांमध्ये येरझारा घालतंय. काल रात्री मला एक क्षण बरं वाटलं होतं, दादा वाचला म्हणून. एक क्षणच, पण वाटलं. पैलवानच्या आईला कुठल्या तोंडाने भेटू?

निवेदन वेबसाईटवर आलंय. तेच, शब्द न् शब्द तोच. मोकळ्या जागा आता भरल्यात. दादाचं नाव आहे तिथेच आहे. वहिनीने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, वाचलं, आणि पहिल्यांदाच मला मिठी मारली. “तू सांगत होतीस,” म्हणाली.

२३ फेब्रुवारी

बरंकासाहेब फोन उचलत नाहीत. इंजिनिअरसाहेबांचा नंबर बंद लागतो. माझं लॉगिनही चालत नाही. मी सांगणार आहे सगळं, जो विचारेल त्याला. खरं आहे ते खरं आहे. घाबरायचं काय?

२४ फेब्रुवारी

पोलीस आले होते. दोघे, अगदी सभ्य. मोठ्या साहेबाने बूट दाराबाहेर काढले, आईला नमस्कार केला. मी सगळं घडाघडा सांगितलं — रकाना, पासवर्ड, मसुदा. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, “ताई, निवेदन शुक्रवारी तुमच्या नावाने लिहिलं गेलं. शुक्रवारीच तुमच्या नावाने पुसलं गेलं. शनिवारी तुमचा भाऊ घरी राहिला. हा अपघात होणार हे तुम्हाला आदल्या दिवशी कसं कळलं?”

मी दादाकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता, उत्तराची वाट बघत. शुक्रवारचा तो मसुदा त्याने कधी पाहिलाच नव्हता.